सुपडूअप्पांनी ठरवलेली सहल

सुरतेच्या डिंडोलीत राहणाऱ्या कुणाच्या गावाकडे कोणी वारलं, की घरातलं पहिलं रडणं ओसरायच्या आत कोणीतरी सुपडूअप्पांना फोन लावतो. अप्पा पुढारी नाहीत. पलसाण्याच्या ज्या प्रोसेस हाउसमध्ये मी डिस्पॅचच्या ऑफिसात बसतो, तिथेच ते फोल्डिंग खात्याचे मुकादम आहेत. रंगून, सुकून आलेलं कापड मोजून त्याच्या घड्या घालणारी चाळीस माणसं त्यांच्या हाताखाली आहेत. पण डिंडोली ते लिंबायत या पट्ट्यातल्या खानदेशी घरांत त्यांची खरी ओळख 'गाडी करणारे अप्पा' अशी आहे. ही गाडी मयतीला जाते, नाहीतर दारावर. म्हणजे मयत चुकली तर नंतर त्या घरच्या दाराशी जाऊन बसायचं, डोळे पुसायचे, चहा घ्यायचा आणि उठायचं. पत्रिकेत याला द्वारदर्शन म्हणतात.

तीस वर्षांत अप्पांनी या कामाला जी शिस्त लावली आहे, ती आमच्या डिस्पॅचलाही लागलेली नाही. ज्याचं नातं जवळचं तो पुढच्या सीटवर. ज्याला गाडी लागते तो खिडकीशी. ज्यांना रडताना आवरावं लागतं अशा बायका मधल्या रांगेत. जाताना कुठेही थांबायचं नाही, हसायचं नाही. दाराशी पोचल्यावर पहिलं वाक्य अप्पा बोलणार, मग बाकीच्यांनी. परतताना नवापूर सोडलं की हसायला परवानगी, आणि सोनगडला रस्त्याकडेच्या दुकानात भजी. दुःखात गेलेली माणसं भजी खाऊन, तरतरीत होऊन सुरतेत उतरतात, ही अप्पांची खासियत.

आणखी एक नियम फोनचा. पूर्वी एकदा घाईत एका भावाच्या जागी दुसऱ्याचं नाव सांगितलं गेलं, आणि बहीण जिवंत भावासाठी अमळनेरपर्यंत रडत गेली. तेव्हापासून अप्पांनी ठरवून टाकलं की फोनवर मेलेल्याचं नाव घ्यायचं नाही. फक्त वेळ आणि दिशा सांगायची. बाकीचं गाडीत बसल्यावर. पहिला फोन विकासला जातो. विकास त्यांच्याच खात्यात काम करतो, वयाने तरुण, आज्ञेत पक्का. तो चौघांना कळवतो, ते पुढे कळवतात. कोणी उलट विचारत नाही.

अशा या गाडीत सर्वांत जास्त वेळा बसलेली बाई म्हणजे अप्पांच्या पत्नी सरलाबाई. सुरत-धुळे रस्ता त्यांनी चाळीस वर्षांत किती वेळा केला असेल देव जाणे. पण तो रस्ता कोणी गेलं तर किंवा कोणाचं लग्न असलं तरच. सोनगडला भजी खाताना समोरच्या डोंगरावरचा किल्ला दिसतो. गायकवाडांची पहिली गादी तिथली, असं मी एकदा त्यांना सांगितलं होतं. "वर काय असेल हो भाऊ?" त्यांनी विचारलं होतं. मला ठाऊक नव्हतं. मीही भजीच खाल्ली होती.

या डिसेंबरात डॉक्टरांनी त्यांच्या गुडघ्यांचे फोटो काढले. फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन ठरलं. डॉक्टर म्हणाले, घरात, बाजारात व्यवस्थित चालता येईल. डोंगर-किल्ले मात्र आता विसरा. पहिलं वाक्य अप्पांनी ऐकलं आणि खूश झाले. दुसरं सरलाबाईंनी ऐकलं.

जानेवारीच्या पहिल्या रविवारी आम्ही नवरा-बायको त्यांच्याकडे चहाला गेलो होतो. कप खाली ठेवायच्या आत सरलाबाई म्हणाल्या, "मला तो किल्ला चढायचा आहे. ऑपरेशनच्या आधी." त्या घरात अहिराणी बोलतात. लिहिताना मी ती सरळ केली आहे, त्यामुळे ठसका थोडा कमी झाला आहे.

"तुझ्याने चार पायऱ्या चढवत नाहीत," अप्पा म्हणाले.

"म्हणून तर आता. फेब्रुवारीनंतर चढवल्या तरी डॉक्टर चढू देणार नाही."

संक्रांतीच्या, म्हणजे इथल्या उत्तरायणाच्या, दोन सुट्ट्या लागून येत होत्या. नुसता किल्लाच कशाला, दोन दिवसांची सहलच करू, असं माझी बायको उज्ज्वला म्हणाली. सोनगड, उकाईचं धरण, आहव्याच्या जंगलातून सापुतारा, मुक्काम, दुसऱ्या दिवशी हातगडचा किल्ला, वघईजवळचा गिरा धबधबा आणि परत. अप्पांनी माझ्याकडे कागद सरकवला. "लिहा, योगराजभाऊ."

"माझी एक अट आहे," सरलाबाई म्हणाल्या. "कोणाच्या घराची पायरी चढायची नाही. कोणाच्या स्वयंपाकाच्या ओट्यापाशी उभं राहायचं नाही. कोणाच्या गळ्यात पडायचं नाही."

"आनंदानेसुद्धा?" उज्ज्वलाने विचारलं.

"आनंदाने कोण पडतं हो ताई? लग्नातसुद्धा नवरी निघाली की रडायला मलाच पुढे करतात."

अट ऐकायला सोपी होती. कागदावर उतरवायला घेतली तेव्हा तिची खरी जात कळली. मी लिहिलं, साडेसहाला व्याऱ्यात नाश्ता.

"व्याऱ्यात माझी चुलतबहीण," अप्पा म्हणाले. "स्टँडसमोरच घर. आपण इडली खाताना तिने पाहिलं तर जन्मभर तोंड दाखवायला नको."

"मग अलीकडे, बारडोलीत."

"बारडोलीत तिचा मुलगा."

नाश्ता गाडीतच करायचं ठरलं. आहव्याला अप्पांचा एक भाचा मास्तर होता; तिथे न थांबता, शक्यतो गावाबाहेरून जायचं ठरलं. नेहमीचा ड्रायव्हर दत्तू, त्याच्या गाडीच्या काचा काळ्या आहेत का, हे अप्पांनी अगदी गंभीरपणे विचारलं. हातगडाचं नाव निघाल्यावर मात्र त्यांनी कागद जवळ ओढून पाहिला. मग म्हणाले, "तिकडून कळवण किती लांब?"

"असेल तासाभरावर."

"कळवणला मावसबहीण आहे."

"अहो, तासाभरावर!"

"तिला कळणारच. तिला सगळं कळतं."

ज्या किल्ल्याने मोठमोठ्या फौजा पाहिल्या, तो अप्पांच्या मावसबहिणीने जागेवरून न उठता घेतला. हातगडावर मी रेघ मारली. गिरा धबधबा ठेवला. जानेवारीत तिथे पाण्यापेक्षा खडकच जास्त असतात, पण खडकांच्या आसपास अप्पांचं कोणी राहत नव्हतं. सापुताऱ्यालाही नव्हतं, म्हणून मुक्काम तिथे. आता उरले फक्त नवापूरचे निंबा दाजी, अप्पांच्या थोरल्या बहिणीचे यजमान. बहीण आठ वर्षांपूर्वी गेली. दाजी ब्याऐंशीचे, दिवाळीपासून आजारी. पण नवापूर सोनगडच्या पुढे आहे, आपण सोनगडवरूनच वळणार, तेव्हा दाजी हिशेबात येत नाहीत, असं मी नकाशा दाखवून पटवून दिलं. अप्पांना पटलं नाही, पण नकाशाशी ते भांडू शकले नाहीत.

तेराच्या संध्याकाळी अप्पांनी विकासला फोन केला. दुसऱ्या दिवशी सोसायटीच्या गच्चीवर पतंग आणि उंधियूचा कार्यक्रम होता, त्याची जबाबदारी अप्पांवर होती. आपण नसणार एवढंच त्याला कळवायचं होतं. फोन मी समोर बसून ऐकला. त्यात एक शब्दही खोटा नव्हता.

"विकास, उद्या पहाटे साडेपाचला निघतोय. दत्तूची क्रुझर सांगितली आहे. नवापूरच्या बाजूला. गच्चीवरचं तू बघ."

पलीकडून विकास फक्त "हो अप्पा" म्हणाला, तेही हळू आवाजात. त्याच्या आज्ञाधारकपणाचं मला कौतुक वाटलं.

पहाटे सव्वापाचला आम्ही दोघं अप्पांच्या गेटवर पोचलो. मी पांढरे कॅनव्हासचे बूट घातले होते, उज्ज्वलाने आंब्याच्या रंगाची साडी नेसली होती आणि हातात तिळगुळाचा डबा होता. गेटजवळ सात माणसं उभी होती. डोक्यावर पांढऱ्या टोप्या, खांद्यावर पंचे. विकास सर्वांत पुढे. त्याने उज्ज्वलाच्या साडीकडे पाहिलं आणि मला बाजूला घेतलं.

"साहेब, वहिनींना कोणी कळवलं नाही का?"

"काय?"

"दाजींचं."

मी काही बोलायच्या आत अप्पा हातात पाण्याची बाटली आणि गळ्यात नातवाची दुर्बीण घालून खाली आले. सात माणसांनी एकदम टोप्या सारख्या केल्या. लिंबायतहून आलेले लोटूभाऊ, अप्पांचे जुने सोबती, पुढे होऊन त्यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "काय जयं हो अप्पा, एकाएकी?"

"कोणाला काय झालं?"

"आता आमच्यापाशी काय लपवता? सणाच्या दिवशी गाडी सांगितली, नवापूरची दिशा दिली. दारावर जायला कोणी सणाचा दिवस धरत नाही. म्हणजे मयतच. नवापूरला दाजींशिवाय आहे कोण?"

तर्कात चूक काढायला जागा नव्हती. अप्पांनी तीस वर्षं जे शिकवलं होतं, ते या माणसांनी चोख पाळलं होतं. नाव विचारलं नव्हतं, वेळ पाळली होती, सणाचे पतंग सोडले होते.

अप्पांनी दुर्बीण शर्टाच्या आत ढकलली. "दाजी ठणठणीत आहेत. मी किल्ला बघायला चाललोय."

हे वाक्य त्या सातांपैकी कोणालाही कळलं नाही. विकास म्हणाला, "कोणाचा किल्ला?"

तेवढ्यात अप्पांचा फोन वाजला. दाजींचा होता. कानाने कमी ऐकू येणारी माणसं बोलतात मोठ्याने, त्यामुळे आम्हा सर्वांना ऐकू येत होतं.

"सुपडू, आता लोटूचा फोन होता. मला किती वाजता उचलणार म्हणून विचारत होता. काय सांगू त्याला?"

फोन घरातल्या दुसऱ्या कोणी उचलला असं समजलेले लोटूभाऊ गेटच्या खांबामागे सरकले.

अप्पांनी कसंबसं समजावलं. गैरसमज झाला, सहलीची गाडी होती, सोनगडचा किल्ला बघायचा होता. मग दाजी म्हणाले, "म्हणजे तू माझ्या गावापासून अर्ध्या तासावर येऊन दगड बघणार. आणि माझ्याकडे मी गेल्यावर येणार."

"तसं नाही दाजी..."

"किती माणसं आली आहेत माझ्यासाठी?"

"सात."

"सातच?"

"दाजी, सण आहे."

"हं." दाजी खोकले. "घेऊन ये त्यांना. जेवायला घालतो. उठलीच आहेत माझ्यासाठी पहाटे, तर मी दिसतो तरी त्यांना. आणि सुपडू, तू नाही आलास तर मी खरंच गेलो समज."

आता दुसरा मार्ग नव्हता. खोटी बातमी उठली की माणसाचं आयुष्य वाढतं, असं लोटूभाऊ खांबामागून बाहेर येत म्हणाले, आणि त्या पुण्याचा काही वाटा आपल्याकडे यावा अशा थाटात गाडीत जाऊन बसले. बाकीचे सहाही बसले. सुट्टी तर गेलीच होती, जेवण कशाला सोडायचं? अप्पा सवयीने दाराशी उभे राहून जागा सांगू लागले. उज्ज्वला आणि सरलाबाई मधल्या रांगेत.

सरलाबाई एव्हाना खाली आल्या होत्या. त्यांनी पायात नवे सपाट बूट घातले होते, लेकीने खास पाठवलेले. बसताना त्यांनी फक्त विचारलं, "आणि किल्ला?"

"परतताना," अप्पा म्हणाले. "आधी दाजी. वाकडं वाटेल त्यांना. जेवून निघू, एक-दीडपर्यंत सोनगड. आरामात."

सरलाबाईंनी मान हलवली. त्या मानेचा अर्थ मला कळला, अप्पांना कळला नसावा. दाजींकडे जेवण म्हणजे स्वयंपाकघरात पुढे कोण होणार हे ठरलेलं. दुपारचं ऊन, भरलेली पोटं, सात माणसांना संध्याकाळच्या पतंगांची घाई, आणि तीन-चार तास ओट्यापाशी उभे राहिलेले ते गुडघे. परतताना सोनगडला काय होणार, ते सर्वांना ठाऊक होतं. भजी.

गाडी निघाली. सवयीचा जोर असा, की दाजी जिवंत आहेत हे कळूनही कोणी हसत नव्हतं. उज्ज्वलाने तिळगुळाचा डबा उघडला तर विकासने दोन्ही हात जोडून नको म्हटलं. पोचायच्या आधी खायचं नसतं. बारडोली गेली. व्याऱ्याला अप्पा सीटवर जरा खाली घसरून बसले. ऊन वर येऊ लागलं, आणि पावणेआठच्या सुमारास उजेडात डोंगर आणि त्यावरचा किल्ला दिसू लागला. दत्तूने वेग कमी केला नाही. जाताना थांबायचं नाही, हे त्याला सांगावं लागत नाही.

"गाडी उभी करा," सरलाबाई म्हणाल्या.

दत्तूने आरशात अप्पांकडे पाहिलं.

"त्यांच्याकडे काय बघतोस? मी सांगते आहे ना? उभी कर."

गाडी रस्त्याच्या कडेला थांबली. सरलाबाईंनी दार उघडलं, दोन्ही हातांनी धरून एक पाय खाली ठेवला, मग दुसरा.

"तुम्ही जा दाजींकडे," त्या म्हणाल्या. "त्यांना माझा नमस्कार सांगा. ते जिवंत आहेत, थांबतील. माझे गुडघे थांबणार नाहीत."

"अगं, पण लोक काय म्हणतील? दाजींच्या दारात मी एकटा..."

"एकटे कुठे? सात माणसं आहेत. तीस वर्षं तुमच्या गाडीत बसले. गेलेल्यांसाठी बसले, नवरदेवांसाठी, नवरदेवांच्या मावश्यांसाठी. माझ्यासाठी एक दिवस मागितला, तर त्यातसुद्धा तुम्ही मयत बसवली. आणि तीही जिवंत माणसाची."

मागच्या सीटवर कोणीतरी फसकन हसलं. जाताना गाडीत हसू फुटल्याचं मी प्रथमच ऐकलं. उज्ज्वला माझ्याकडे न बघता खाली उतरली, म्हणून मीही उतरलो.

अप्पा पुढच्या सीटवर बसून राहिले. त्यांचा चेहरा पाहून मला पहिल्यांदा त्यांची कीव आली. दारावर पहिलं वाक्य बोलणारा माणूस गाडीतून उतरला, तर उरलेल्यांनी दाराशी जाऊन करायचं काय? विकासने तेच विचारलं, "अप्पा, तुम्ही नाही तर तिथे बोलणार कोण?"

"दाजीच बोलतील," अप्पा म्हणाले. "यावेळी त्यांना बोलता येतंय." आणि ते उतरले.

दत्तूने गाडी जिथवर जाते तिथवर आम्हा चौघांना नेऊन सोडलं, आणि सात टोप्या घेऊन तो नवापूरला गेला. पुढचा चढ पायी होता. मी कागदावर त्याला पंचवीस मिनिटं दिली होती. सरलाबाई वीस पावलं चालायच्या, एखाद्या दगडावर टेकायच्या, गुडघे चोळायच्या, उठायच्या. एका बाजूने अप्पा, दुसऱ्या बाजूने उज्ज्वला. घामाने त्यांचा चेहरा काळवंडला होता. मध्ये एकदा दुखणं इतकं वाढलं की त्या पाच मिनिटं डोळे मिटून बसून राहिल्या. परत फिरू या, असं मी म्हणणार होतो, पण उज्ज्वलाने मला डोळ्यांनी गप्प केलं.

अप्पांना माणसं नेण्याची एकच रीत ठाऊक आहे. ते पुढची जागा बघून म्हणाले, "त्या झाडापाशी विसावा घेऊ."

सरलाबाईंनी डोळे उघडले. "मला खांद्यावर घेतलंय का?"

"तसं नाही गं."

"मग विसावा म्हणू नका. बसू म्हणा."

"बसू."

वर पोचायला आम्हाला दीड तास लागला. वर पडके बुरूज होते, वाढलेलं गवत होतं, देवीचं देऊळ होतं. एका बाजूला लांबवर उकाईचं पाणी उन्हात पांढरं दिसत होतं. दुसऱ्या बाजूला खाली हमरस्ता, त्यावर ट्रक, आणि वरून दिसणारं ते भज्यांचं दुकान. अप्पांनी शर्टातून दुर्बीण काढून दिली. सरलाबाईंनी ती दुकानावर धरली, बराच वेळ धरली.

"कढई चढवली आहे," त्या म्हणाल्या. मग दुर्बीण पाण्याकडे वळवली.

इथे माझा कागद संपला होता. उकाई, आहवा, सापुतारा, गिरा, सगळं राहणार होतं, कारण गाडी नवापूरला होती. मला ते खटकत होतं हे मी कबूल करतो. सरलाबाईंना त्याचं सोयरसुतक नव्हतं.

अप्पांचा फोन वाजला. अकरा वाजून गेले होते; विकास होता. शेजारणींनी पानं मांडली आहेत, पण तुम्ही आल्याशिवाय दाजी सुरू करू देत नाहीत. सातही जणांना समोर बसवून कोण कोण आलं नाही त्यांची नावं विचारताहेत. दत्तूला पाठवू का?

अप्पांनी बायकोकडे पाहिलं. त्या भिंतीला धरून उठल्या होत्या. "पलीकडची बाजू राहिली," असं म्हणून, एक पाय पुढे टाकायचा आणि दुसरा त्याच्या जोडीला आणायचा, अशा चालीने त्या पडक्या बुरुजाच्या दिशेने निघाल्याही होत्या.

"दाजींना सांग, सुरू करा म्हणावं," अप्पा म्हणाले. "मला वेळ लागेल."

"किती वाजेपर्यंत, अप्पा?"

सुपडूअप्पांनी मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिलं. "सांगता येत नाही," ते म्हणाले, आणि पाण्याची बाटली घेऊन बायकोच्या मागे गेले.